उघड्या कचेरीचा सुतार

उंब्रजला हायवेवर एसटी थांबली की कंडक्टर ओरडायचा, "उघडी कचेरीवाले, उतरा!" आणि चार-दोन माणसं पिशव्या सावरत उतरायची. कागदोपत्री ती खरेदी-विक्री संघाची कचेरी, अठ्ठावन्न साली बांधलेली. पण तिला गिलावा नाही, रंग नाही. काँक्रीट साच्यातून निघालं तसंच राखाडी, उघडं. बांधली तेव्हा गाव वर्षभर हसत होतं. नवरी लुगडं न नेसताच मांडवात आणली, असं एक म्हातारा पारावर बोलून गेला आणि तिथून ते नाव पडलं. आमच्याकडे एकदा नाव पडलं की मग मामलेदार आला तरी ते निघत नाही.

इमारत मात्र बघण्यासारखी होती. खाली गोल खांब, वरचा मजला रस्त्याच्या बाजूला आठ फूट पुढे आलेला, आणि मावळतीचं ऊन अडवायला पातळ उभ्या भिंती थोड्या थोड्या अंतरावर. आतल्या जिन्याच्या पायऱ्या एका बाजूने भिंतीत रोवलेल्या आणि दुसऱ्या बाजूला आधार म्हणून काहीच नाही. नवखा शेतकरी पहिल्या पायरीवर पाय ठेवताना देवाचं नाव घ्यायचा. पुढे आलेल्या मजल्याखाली कायम सावली असे, आणि त्या सावलीत चाळीस फुटांची एक लांबच लांब भिंत होती. ती भिंत नाथाजी सुताराची.

म्हणजे मालकीची नव्हे. नाथाजीची मालकी रस्त्यापलीकडच्या एका पत्र्याच्या शेडवर आणि अवजारांच्या पेटीवर. पण काँक्रीटची इमारत उभी राहायच्या आधी ती लाकडाची उभी करावी लागते. सुतार फळ्यांचा साचा करतो, त्यात काँक्रीट ओततात, ते वाळलं की फळ्या काढून टाकतात. फळ्या चुलीत जातात आणि सुतार घरी जातो. सुतारांमध्ये हे काम हलकंच मानतात. दार-चौकट करणारा सुतार सेंट्रिंगवाल्याकडे, कुलवंत पाटलाने वाजंत्र्याकडे बघावं, तसा बघतो. नाथाजी गाड्या आणि चौकटी करणारा. कचेरीच्या सेंट्रिंगला तो नाइलाजाने गेला.

तिथं त्याला मुंबईचे गुप्तेसाहेब भेटले. इमारतीचा नकाशा त्यांचा. पायात कॅनव्हासचे बूट, अंगाने काडीपैलवान. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मिस्त्री, या भिंतीवर मला तुमची फळी दिसली पाहिजे. गिलावा होणार नाही. तुम्ही जे कराल तेच शेवटपर्यंत राहील."

नाथाजीला वाटलं, साहेबाला ऊन लागलं. पण दोन दिवस ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. मग तो स्वतः पाटण खोऱ्यात जाऊन किंजळाच्या फळ्या निवडून घेऊन आला. तारेच्या ब्रशने एकेक फळी घासली. घासल्यावर मऊ लाकूड निघून जातं आणि रेषा वर उठतात. एका फळीची रेषा पुढच्या फळीत शिरावी अशा त्याने त्या जुळवल्या. रंगूबाई, त्याची बायको, फळ्यांना तेलाचा हात लावायची. चाळीस फूट भिंत, सहा महिने काम. गाव म्हणे, नाथाजी पालखी करतोय का काय.

शेवटची फळी राहिली आणि आली नागपंचमी.

पंचमीला आमच्याकडे नांगर चालत नाही, विळी चालत नाही, चुलीवर तवाही चढत नाही. सुतार पेटीचं कुलूप काढत नाही. कुणाच्या हातून कुठं नागोबाला लागेल सांगता येत नाही, म्हणून त्या दिवशी सगळी धार बंद. साइटवरचे झाडून सगळे गडी घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडायचं होतं, सिमेंट येऊन पडलं होतं, आणि एका फळीची जागा मोकळी होती.

"आवं, आज पंचमी हाय," रंगूबाई म्हणाली. "आज आवजाराला हात लावत्यात व्हय?"

"एक फळी हाय. चार खिळं."

"चार खिळं बी खिळंच की."

तरी तो निघाला, तेव्हा ती मागोमाग आली. रंगूबाई शिराळ्याची. शिराळ्याला पंचमीला जिवंत नाग दारी आणून पुजतात. त्यामुळे तिला नागाचं भय नव्हतं, पण त्याची भीड फार होती. सात फुटांची ओली जड फळी नवरा एकटा उचलणार आणि कंबर मोडून घेणार, हे तिला दिसत होतं. तिने दुसरं टोक धरलं. चौथ्या खिळ्याच्या घावाला फळीतली गाठ हलली. नाथाजीने ते बघितलं. एरवी त्याने ती फळी काढून फेकली असती, पण दुसरी घासलेली फळी नव्हती आणि बायको टोक धरून कधीची तिष्ठत होती. धरंल, असं म्हणून त्याने हातोडी खाली ठेवली.

ती धरली नाही. काँक्रीटच्या रेट्याने गाठ मागे निसटली आणि तिच्या भोकात काँक्रीट शिरलं. चार दिवसांनी फळी उतरवली तर भिंतीवर बोटभर उंचीचा फणा उठलेला, आणि त्याखाली किंजळाच्या रेषांचं हातभर वळण, वेटोळं घालून बसलेलं. चाळीस फुटांत तेवढी एकच चूक. नाथाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छिन्नीने काढून टाकतो, म्हणाला. गुप्तेसाहेबांनी जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या."

रंगूबाईने मात्र डोक्यावर पदर घेतला. "ज्या दिशी त्येला दुखवायचं न्हाई, त्याच दिशी ठोकलं आपुन. आला बगा वर."

"रंगू, गाठ हाय ती. किंजळाची गाठ."

"असू द्या की. गाठीत बसायला त्येला कोन आडवतंय?"

पुढच्या सोमवारी तिने फण्याला हळदीकुंकू लावलं, लाह्या ठेवल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. तिने नागोबाकडे काय मागितलं हे नाथाजीने कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मूल झालं नाही. पूजा सुटली नाही. कचेरी झाडणारी बनुबाई, तीही शिराळ्याचीच, रंगूला बहीण मानायची आणि नाथाजीला दाजी म्हणायची. ती सामील झाली. मग आजूबाजूच्या बायका आल्या. सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, गावात भिंती पडल्या, माणसं महिनाभर कचेरीच्या पुढे आलेल्या मजल्याखाली निजली. कचेरीला साधी चीरही पडली नाही. शेषानेच डोक्यावर धरलीय म्हटल्यावर, असं बायका म्हणू लागल्या. नाथाजीच्या मते त्यात सळयांचा, गुप्तेसाहेबांच्या हिशेबाचा आणि त्याच्या स्वतःच्या ओळंब्याचाही थोडा वाटा होता. पण नवसाच्या देवाशी श्रेय मागायला कोण जाणार? तो गप्प बसला, आणि नाग स्वयंभू ठरला.

एकोणसत्तरच्या मार्गशीर्षात रंगूबाई काविळीने गेली. बारा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

त्यानंतर नाथाजीला कळलं की सुताराच्या कामात सगळ्या वस्तूंना दोन टोकं असतात. मोठी करवत ओढायला पलीकडे माणूस लागतं. फळीला रेघ मारायची तर दोरीचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. तो दोरीचं टोक चिंचेच्या बुंध्याला बांधायचा आणि रेघ मारायचा. हळूहळू त्याने मोठी कामं घेणं सोडलं. पाट, पोळपाट, कुऱ्हाडीचे दांडे. एका माणसाच्या हातात मावेल तेवढंच. दुपारी भाकरी करायचा, ती कायम दोन माणसांची व्हायची. संध्याकाळी कचेरी बंद झाली की रस्ता ओलांडून त्या भिंतीसमोरच्या पायरीवर बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, गारवा हाय. गारवा होता हे खरं. पण त्याच्या मनात असायचं ते वेगळंच: सबंध आयुष्यात त्याच्या हातचं टिकलेलं काम हे एवढंच, आणि रंगूच्या हाताचं तेल प्यायलेल्या फळ्यांच्या खुणाही कुठं असतील तर त्या इथंच.

पंच्याहत्तर सालच्या पौषात मुंबईच्या एका कॉलेजातल्या कर्णिकबाई आल्या. इमारतींचे नकाशे करायला शिकवणाऱ्या. सोबत टेपा आणि कागदांच्या गुंडाळ्या घेतलेली सात-आठ पोरंपोरी. त्यांनी तीन दिवस कचेरी खालपासून वरपर्यंत मोजली. गाव बघायला जमलं. कचेरीत काय मोजायचं, कपाशी मोजतात, हरभरा मोजतात. बाई त्या लांब भिंतीशी आल्या आणि तळहात टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या.

"या फळ्या कुणी लावल्या?"

बनुबाईने झाडूनेच दाखवलं. "ह्ये काय बसल्यात आमचं दाजी."

बाई सरळ येऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. लाकूड कुठलं, रेषा कशा उठवल्या, जोड कुठं घेतले, सगळं विचारून लिहून घेतलं. नाथाजीला सतरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तो अडखळत बोलत होता आणि मग अडखळायचा थांबला.

"मिस्त्री, या अशा कामाच्या इमारती आपल्याकडे फार थोड्या आहेत," बाई म्हणाल्या. "ही जपायला हवी."

"जपायला ही अजून जुनी कुठं झालीया, बाई?"

"तोच तर धोका आहे. किल्ला पाडायला माणूस दहादा विचार करतो. हिला पाडताना कोण विचार करणार?" मग त्यांनी फण्याकडे बोट केलं. "आणि हे काय?"

बनुबाई झाडू टेकवून ऐकत उभी होती. नाथाजी म्हणाला, "त्यो हाय तसा हाय." बाईंनी ताणलं नाही. जाताना त्यांनी नकाशाचा कागद दाखवला. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, 'साचेकाम: नाथाजी सुतार, उंब्रज'. त्याने ते बोट ठेवून तीनदा वाचलं.

पिकतं तिथं विकत नाही, ते उगाच नाही. बाई गेल्या आणि दोन महिन्यांत संघाने गिलाव्याचं काढलं. नवे चेअरमन हंबीरराव सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, उसाचे बागायतदार, माणूस सरळ. पण वीस वर्षं पलटणीत काढल्यामुळे भिंत म्हटली की ती रंगवलेलीच पाहिजे अशी त्यांची ठाम समजूत. ज्येष्ठात मंत्री येणार होते. मंत्र्यांपुढे उघडी कचेरी कशी दाखवायची? आतून-बाहेरून गिलावा, वर बदामी रंग. बायकांनी अर्ज दिला, तेवढा नागोबा राखा, भोवती फरशीची देवळी करा. आणि कर्णिकबाईंचं पत्र आलं की काहीच करू नका, ही इमारत आहे तशी पुढच्यांचा वारसा आहे.

बैठकीत पत्र वाचून झालं. हंबीरराव म्हणाले, "ही कचेरी माज्या थोरल्या पोरापरीस धाकटी. तिला वारसा म्हनायचं, तर माज्या पोराला बी अजिंक्यताऱ्यावर नेऊन ठेवा की." मंडळ पोट धरून हसलं. मग त्यांनी नाथाजीला बोलावलं. तो बाहेर बाकावर बसूनच होता.

"मिस्त्री, भिंत तुमी केली. बायका म्हंत्यात, नाग स्वयंभू हाय. आसंल तर तेवढी दोन फूट जागा सोडू, बाकीची लिपू. तुमी सांगा."

नाथाजीने चार रात्री हाच विचार केला होता. व्हय म्हटलं तर दोन फूट राहतात आणि अडतीस जातात. आणि ती दोन फूट म्हणजे त्याची चूक. खरं सांगितलं, की हे लाकडाचं, हाताचं काम आहे, तर ही शहाणी माणसं उठून भिंत बघायला येतील, बाईंसारखा तळहात टेकवतील, आणि मग त्यांना कळेल. साठीला आलेला माणूस, पण संचालक मंडळ ही काय चीज आहे हे त्याला कळलं नव्हतं.

"स्वयंभू न्हाई," तो म्हणाला. "किंजळाची गाठ हाय ती. पंचमीला मी खिळं ठोकलं, तवा हलली. चूक माजी. पर ती सोडून बाकीची भिंत बगा तुमी. एकदा हात फिरवून बगा."

खुर्चीवरून कुणी हललं नाही.

"पंचमीला? संगं कोन हुतं?" हंबीररावांनी विचारलं.

"कोन न्हाई. एकटाच हुतो."

तेवढं एक तो खोटं बोलला. रंगूचं नाव त्याला या टेबलावर आणायचं नव्हतं.

"खरं सांगितलंसा, बरं झालं," हंबीरराव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "देवाची तेवढी अडचन हुती, ती बी सुटली." ठराव झाला. संपूर्ण भिंत. करायला गेला गणपती, झाला मारुती; नाथाजी जिना उतरला, आणि त्या जिन्याला धरायला काही नव्हतं.

खाली बनुबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मग रंगूनं आकरा वर्सं कुनाची पूजा केली?" तिने विचारलं.

त्या दिवसापासून तिने त्याला दाजी म्हणायचं सोडलं, खरं तर काहीच म्हणायचं सोडलं. बाकीच्या बायकाही शेडवरून जाताना तोंड फिरवायच्या. देव खोटा ठरवणाऱ्याकडून पोळपाट कोण घेणार?

वैशाखात गवंडी आले. जुन्या काँक्रीटला गिलावा धरत नाही, म्हणून आधी छिन्नीने खाचा माराव्या लागतात. सहा दिवस रस्त्यापलीकडून टक टक आवाज येत होता आणि नाथाजी शेडमध्ये पाट रंधत बसला होता. रेषा चुकवून मारा, असं सांगायला जावं असं त्याला एकदा वाटलं. गेला नाही. फणा भिंतीच्या बाहेर येत होता म्हणून तो आधीच उडवला. बनुबाईने राड्यारोड्याबरोबर घमेल्यात भरला तेव्हा तो ओळखूही येत नव्हता, हे तिनेच पुढे सांगितलं. ज्येष्ठात बदामी कचेरीसमोर मंत्री पाच मिनिटं थांबून पुढे कराडला गेले. एसटीचे कंडक्टर अजूनही "उघडी कचेरी" ओरडत होते. नाथाजीने रस्ता ओलांडायचं बंद केलं. संध्याकाळी तो शेडच्या दारात कचेरीकडे पाठ करून बसायचा, आणि अंधार पडेपर्यंत दिवस संपता संपत नसे.

श्रावण आला, पंचमी आली. सकाळी त्याने पेटीला कुलूप घातलं. दुपारी पावसाची उघडीप होती आणि पलीकडे बायका ताटं घेऊन जमलेल्या दिसल्या. खोटा ठरलेल्या देवाला बायका आल्या होत्या. सवय म्हणा, नाहीतर ठरावाने देव जात नाही म्हणा. पण त्या थबकल्या होत्या. चाळीस फूट बदामी भिंत, कुठंच काही खूण नाही. एकीने इकडे हळद लावली, दुसरी म्हणाली तिथं नव्हता, पलीकडं होता. वाद सुरू झाला. मग बनुबाई वळली आणि रस्त्याच्या अलीकडे बघत उभी राहिली.

"आवं दाजी," ती मोठ्याने म्हणाली. "कुठं हुता त्यो?"

नाथाजी उठला. कानावरची पेन्सिल काढून त्याने फळीवर ठेवली. पंचमीला तीही नको. गज घेतला नाही. रस्ता ओलांडला, चपला काढल्या आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून वीत वीत मोजत निघाला. गिलाव्याखाली कितवी फळी चालली आहे हे त्याला बघावं लागत नव्हतं. एका जागी तो थांबला. बनुबाईच्या ताटात हळद कालवलेली होती. त्यात बोट बुडवून त्याने आधी फणा काढला, मग खालचं वळण, जिथं जसं होतं तिथं तसं.

"फणा वाईच अलीकडं हुता का?" बनुबाईने विचारलं.

"न्हाई. हितंच." त्याने हळदीचं बोट भिंतीवर तसंच टेकवून ठेवलं. "फळी ठोकताना ह्या टोकाला मी हुतो. त्या टोकाला रंगू हुती."

"पंचमीला?"

"व्हय. पंचमीला."

बनुबाईने फण्याला हळदीकुंकू वाहिलं, लाह्या वाहिल्या. आणि ताट घेऊन ती सात फूट पलीकडे गेली, आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला, बाईच्या कपाळाच्या उंचीवर, कोऱ्या भिंतीला कुंकवाचं एक बोट लावलं.